गाडी खाली केली, आता टायर आतून खाऊन राह्यली

वाचकांचे प्रश्न, गाडी-गॅरेज

प्रश्न : नमस्कार भाऊ. माझी २०१४ ची स्विफ्ट आहे, डिझेल, सेकंडहँड घेतलेली. दिवाळीच्या अगोदर नागपूरवरून लोअरिंग स्प्रिंगा टाकून आणल्या, गाडी चारही बाजूनं दोन बोटं म्हणजे ४० एमएमच्या आसपास खाली बसली. दिसते एक नंबर. अलाइनमेंट तुमच्या इकडंच करून घ्या म्हणे, म्हणून मी तालुक्याला केली. त्यानं टो सेट केला अन् कॅम्बर बसत नाही म्हणून लोखंडी मशीन लावून चाकाजवळ दाबलं, तेव्हा कॉम्प्युटरवर हिरवं झालं. आता तुरी निघायची वेळ आली अन् पाह्यतो तर पुढच्या दोन्ही टायरची आतली कड साफ गुळगुळीत, डाव्याची तर तार दिसून राह्यली. बाहेरून टायर नवाच वाटते. स्टिअरिंग सोडलं की गाडी हळूहळू उजवीकडं जाते. काऊन होऊन राह्यलं हे? स्प्रिंगा काढून टाकू काय?
– एक वाचक, आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पहिले तो तार दिसणारा डावा टायर उतरवा, बाकी सगळं नंतर. स्टेपनी चढवा अन् चढवायच्या आधी तिची हवा पाहून घ्या, कारण आपल्याकडं स्टेपनीची हवा पंक्चर झाल्यावरच आठवते. तार दिसली म्हणजे रबर संपलं, त्या टायरवर हायवेला जाऊ नका, अगदी यवतमाळपर्यंतसुद्धा नाही. नियमानं टायरची खाच कमीत कमी १.६ मिलिमीटर राहायला पाहिजे, अन् खाली केलेल्या गाडीत ती आतल्या कडेला मोजायची, कारण बाहेरून पाहून काहीच समजत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवायचं, खाली बसायचं अन् टायरच्या मागच्या बाजूनं हात फिरवायचा.

आता काऊन झालं ते सांगतो. स्विफ्टला पुढं स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप अन् स्प्रिंग एकातच, तो खाली नकलला, म्हणजे चाक ज्याच्यावर बसते त्या लोखंडी पार्टला, दोन बोल्टनं पकडलेला, अन् नकलच्या खाली लोअर आर्म, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणारा आडवा दांडा. गाडी खाली बसली की बॉडीच्या मानानं लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर येतं, आर्म गोलाईत फिरतो म्हणून चाकाचा खालचा भाग थोडा बाहेर जातो अन् वरचा भाग आत झुकतो. हा झाला निगेटिव्ह कॅम्बर. ३०-४० मिलिमीटर खाली केलं की साधारण अर्धा ते एक डिग्री वाढतो. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगचा चाकाला वळवणारा दांडा, तोसुद्धा त्याच वेळी आपल्या गोलाईत फिरतो, पण त्याची लांबी वेगळी, बसायची जागा वेगळी, दोघांची गोलाई जुळत नाही, म्हणून चाकाचं तोंड आत नाहीतर बाहेर वळतं. हा झाला टो. आत वळणार का बाहेर हे त्या गाडीत स्टिअरिंग रॅक कुठं अन् किती उंचीवर बसवला त्यावर आहे, त्यामुळं मित्राच्या गाडीचं माप आपल्या गाडीला लावू नका.

लोअर केल्यावर टायर खाल्ला की सगळे कॅम्बरला शिव्या देतात, पण माझं मत वेगळं आहे अन् ते मी ठामपणे सांगतो. एक डिग्री निगेटिव्ह कॅम्बरनं टायर दिवाळी ते तुरीच्या सवंगणीपर्यंत तारेवर येत नाही. खातो तो टो. हिशोब करून पाहा, एका चाकाचा टो अर्धा डिग्री चुकला असेल तर ते चाक दर किलोमीटरमागं जवळपास पावणेनऊ मीटर आडवं घासत जातं. वखराची पास तिरपी पडली की माती जशी एका अंगाला सरकत जाते तसं इथं रबर सरकून निघतं. कॅम्बर फक्त एवढं करतो की गाडीचं वजन आतल्या कडेवर टाकतो, म्हणून घासणं तिथंच जास्त होतं. टायरवर हाताचा तळवा आडवा फिरवा, आधी आतून बाहेर अन् मग बाहेरून आत. एका दिशेनं हात सरकला अन् दुसऱ्या दिशेनं बोटाला ब्लॉकच्या कडा टोचल्या तर टो चुकलेला आहे, मशीनची गरजच नाही ओळखायला.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे गाडी उजवीकडं जाते. आपले रस्ते मधात उंच अन् कडेला उतरते असतात, आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणजे स्टिअरिंग सोडलं तर चांगली गाडीही हलकी डावीकडं सरकते, त्यात काही दोष नाही. तुमची चढावाच्या दिशेनं, उजवीकडं जाते. दोन्ही चाकांच्या कॅम्बरमध्ये फरक असला की ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह, तिकडं गाडी ओढते. तुमचा डावा टायर जास्त खाल्ला म्हणजे निगेटिव्ह डावीकडं जास्त, अन् गाडी जाते उजवीकडं, दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात. वाकडातिकडा झिजलेला टायरही गाडी ओढतो हे खरं, म्हणून नक्की काय ते नवे टायर चढवल्यावरच कळेल, पण माझा संशय त्या दाबण्यावर आहे.

त्या लोखंडी मशीनबद्दल मनापासून सांगतो, कारण आपल्याकडं गावोगावी हेच चालू आहे अन् लोक पैसे देऊन गाडीचं नुकसान करून घेऊन राह्यले. तो हायड्रॉलिक जॅकचा शिकंजा असतो, तो स्ट्रट अन् नकलच्या मधात अडकवून दाबतात, लोखंड वाकतं, स्क्रीनवर आकडा हिरवा होतो. पण वाकलं काय? स्ट्रटची नळी, त्याची दांडी नाहीतर नकल. दांडी थोडी जरी वाकली तरी ती सील एका बाजूनं घासते, काही दिवसांत शॉकअप तेल सोडतो. अन् नकल हा असा पार्ट आहे की त्याच्यावर चाक, ब्रेक, स्टिअरिंग सगळं लटकलेलं आहे, तो वाकवून गाडी रस्त्यावर सोडायची म्हणजे घरच्या लोकांचा जीव त्या वाकलेल्या लोखंडावर ठेवायचा. कोणीही म्हटलं की दाबून देतो, तर हात जोडून नाही म्हणा अन् गाडी बाहेर काढा.

तुमचं काय वाकलं हे शोधता येतं. चांगल्या मशीनवर कॅम्बरसोबत केपीआय नावाचा आकडा निघतो, म्हणजे स्टिअरिंग वळवताना चाक ज्या रेषेभोवती फिरतं तिचा आतला झुकाव. एकाच बाजूचा कॅम्बर अन् केपीआय यांची बेरीज करायची, मग दुसऱ्या बाजूची करायची, दोन्ही बेरजा जवळजवळ सारख्या यायला पाहिजेत. एका बाजूची वेगळी आली तर त्या बाजूचा स्ट्रट किंवा नकल वाकलेला समजा. मशीनवाल्याला केपीआय काढायला सांगा, तो हो-नाही करत असेल तर दुसरीकडं जा, यवतमाळ, अमरावती, नागपूर, कुठंही, पण ज्याच्याकडं चाकाखाली फिरणारी थाळी आहे अन् जो चारही चाकांवर टार्गेट, म्हणजे मशीनला चाक दाखवणाऱ्या पाट्या, लावतो तिथंच. वाकलेला पार्ट निघाला तर तो बदलायचा, उलटा दाबून सरळ करायचा नाही.

त्यानंतरचं काम ओळीनं करा, ओळ चुकली की पैसे वाया. अलाइनमेंटच्या आधी टाय रॉड एंड, रॅक एंड, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग अन् वरचा स्ट्रट माउंट, कुठंही प्ले म्हणजे ढिलेपणा नको. गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली अन् डावं-उजवं हलवून पाहायचं, खटखट आली की पहिले ते. टायरची हवा दरवाज्याजवळच्या स्टिकरवर लिहिलेली भरायची, गाडीतली युरियाची पोती, पाण्याच्या कॅन काढून टाकायच्या. अन् एक गोष्ट नव्वद टक्के गॅरेजवाले विसरतात म्हणून मी ती परत परत लिहितो, लोअर आर्मच्या बुशचे (रबरी सांध्याचे) बोल्ट चाकं लटकत असताना कसायचे नाहीत. बुशचं रबर ज्या स्थितीत कसलं त्याच स्थितीत पकडून राहतं. चाक हवेत असताना कसलं अन् मग गाडी खाली ठेवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी थोडी वर उचललेली दिसते अन् काही महिन्यांत बुश फाटतो. म्हणून बोल्ट ढिले करून गाडी चाकांवर उभी करायची, पुढून-मागून दोन-चार दणके द्यायचे, अन् मग वजन असतानाच कसायचे. खाली केलेल्या गाडीत उंची बदललेली असते म्हणून हे अजूनच महत्त्वाचं.

नव्या स्प्रिंगा बसायला वेळ घेतात. टाकल्या त्या दिवशी टो करायचाच, कारण टो सोडून गाडी चालवली तर टायर वाट पाहत नाही, पण ३०० ते ५०० किलोमीटर झाल्यावर परत एकदा पूर्ण अलाइनमेंट करायची. तुमच्याकडं ती दुसरी वेळ झालीच नाही असं पत्रावरून दिसते.

मशीनवर आधी मागचं रीडिंग पाहायचं, मग पुढचा कॅस्टर (चाक वळायच्या रेषेचा पुढं-मागं झुकाव), मग कॅम्बर, अन् टो सगळ्यात शेवटी. कॅम्बर हलवला की टो आपोआप बदलतो, म्हणून टो करून मग कॅम्बर दाबणारा माणूस तुमचा टो बिघडवूनच गाडी देतो, तुमच्या गाडीत मला वाटतं तेच झालं. कॅम्बर कमी करायचा सरळ रस्ता असा, स्ट्रट अन् नकलचे दोन बोल्ट ढिले करायचे, चाकाचा वरचा भाग बाहेर ओढून धरायचा अन् तसंच कसायचं. बोल्ट अन् भोकाच्या मधात जेवढी जागा असते तेवढं मिळतं, कधीकधी तेवढ्यातच भागतं. नाही भागलं तर कॅम्बर बोल्ट मिळतो, त्याच्या मधात एका बाजूला उंचवटा असतो, फिरवला की नकल आत-बाहेर सरकतो, साधारण एक-दीड डिग्री मिळतं. दोन बोल्टपैकी एकाच्या जागी तो घालायचा, नवीन नट वापरायचा अन् टॉर्क पान्यानंच कसायचा, ढिला राहिला तर खड्ड्यात सरकतो. भोक ग्राइंडरनं लांब करून घेणारेही आहेत, मी तो सल्ला देणार नाही.

कॅम्बर कंपनीच्या हिरव्या रेंजमध्ये आलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. ती रेंज कंपनीच्या उंचीसाठी आहे. थोडा निगेटिव्ह राहू द्या, पण डाव्या-उजव्यातला फरक अर्ध्या डिग्रीच्या आत पाहिजे. टोच्या बाबतीत मात्र काहीच सूट नाही, तो रेंजमध्येच बसला पाहिजे अन् स्टिअरिंग सरळ लॉक करून, दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून. आधीचं अन् नंतरचं दोन्ही प्रिंटआउट मागून घ्या अन् गाडीच्या कागदांत ठेवा. पुढच्या वेळी काय सरकलं ते त्यावरूनच कळतं.

स्प्रिंगा काढू काय, याचं उत्तर. तुमची स्विफ्ट कंपनीतून १७० मिलिमीटर क्लिअरन्सची, आता १३० च्या आसपास, अन् तेही रिकामी असताना. स्पीड ब्रेकर नियमानं १० सेंटीमीटर उंच अन् ३.७ मीटर रुंद पाहिजे, गावात तो अर्ध्या रुंदीत अन् हवा तेवढा उंच टाकलेला असतो, पाच माणसं बसली की इंजिनखालचं तेलाचं चेंबर घासणारच. त्यात आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, म्हणून डांबरी रस्त्याला लाटा पडतात अन् खाली केलेली गाडी त्या लाटांवर बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअपच्या शेवटच्या रबरी अडणीवर, आपटते. दुसरं, लोअर आर्म आडव्याच्या वर गेला की गाडी वळणावर उलट जास्त झुकते, दिसायला चिकटलेली पण हाताला वेगळी. मी असतो तर २५ मिलिमीटरच्या स्प्रिंगा टाकल्या असत्या. तुमच्या हौसेला मी नाव ठेवत नाही, गाडी चांगली दिसावी हे वाटणं साहजिकच आहे, फक्त शेतात जाणारी अन् आजारी माणसाला घेऊन रात्री निघणारी गाडी एकच असेल तर तेवढा विचार करा. अन् हेडलाइटचा झोत भिंतीवर पाहून परत सेट करून घ्या, पुढं अन् मागं सारखी खाली बसली नसेल तर समोरच्याच्या डोळ्यात नाहीतर अगदी पायाजवळ पडतो.

प्रश्न : आमच्या गावात अलाइनमेंट मशीन नाही, लोअर आर्म बदलला की टो कसाही राहतो, शहरात जाईपर्यंत टायर घासते. दोरीनं पाहता येते म्हणतात, खरं काय?
– एक मेकॅनिक वाचक, मेहकर तालुका

उत्तर : खरं आहे, अन् नीट केलं तर चांगलं जमतं. सपाट जागा पाहिजे, जिनिंगचं काँक्रीट किंवा गोदामाचा ओटा, गवंड्याची लेव्हल पाइप लावून चारही चाकांखालची पातळी पाहा, फरक असेल तर फरशीचे तुकडे घालून बरोबर करा. गाडी हातानं पुढं ढकलून उभी करायची, मागं घ्यायची नाही, स्टिअरिंग सरळ बांधून ठेवायचं. दोन्ही बाजूला स्टँडला चाकाच्या मध्याच्या उंचीवर ताणलेली बारीक दोरी, मासे धरायच्या गळाची तंगूस सगळ्यात चांगली. पुढच्या दोन्ही हबपासून (चाकाच्या मधल्या भागापासून) दोरीचं अंतर सारखं, मागच्या दोन्ही हबपासूनही सारखं, पण पुढचं अन् मागचं एकमेकांशी सारखं यायची गरज नाही, बऱ्याच गाड्यांत दोन्ही अ‍ॅक्सलची रुंदी वेगळी असते, अन् तिथंच लोक फसतात. मग प्रत्येक पुढच्या चाकाच्या रिमच्या समोरच्या कडेपासून अन् मागच्या कडेपासून दोरीपर्यंत स्टीलच्या पट्टीनं मोजा. १५ इंची रिमला कडेपासून कडेपर्यंत साधारण ४० सेंटीमीटर धरा, तिथं एक मिलिमीटरचा फरक म्हणजे साडेआठ मिनिटं, अन् ६० मिनिटं म्हणजे एक डिग्री. समोरचं अंतर जास्त आलं तर टो-इन, कमी आलं तर टो-आउट. चेक नट ढिला करून टाय रॉड फिरवताना रबरी बूट पिळला जाऊ देऊ नका, तो फाटला की रॅकमध्ये धूळ गेली. दोन्ही बाजूला सारखं फिरवा. गाडी जरा पुढं चालवून आणून परत मोजा. कॅम्बर अन् कॅस्टर यातून निघत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला सांगा की शहरात जाईपर्यंत टायर वाचवायला हे केलं आहे, मशीनवर जावंच लागंल.

प्रश्न : गाडी लोअर केली तर पासिंगला अन् इन्शुरन्सला अडचण येते काय?
– एक वाचिका, हिंगणघाट

उत्तर : ताई, येऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा असा बदल मालकाला परवानगीशिवाय करता येत नाही, अन् २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ए मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. घरची गाडी १५ वर्षांनी परत पासिंगला जाते तेव्हा इन्स्पेक्टर पाहतोच. इन्शुरन्स कंपनीला न सांगता केलं अन् अपघात झाला तर सर्व्हेअर ते लिहून घेतो अन् क्लेम अडकू शकतो, म्हणून आधी लेखी कळवा. अन् स्प्रिंगा कापून गाडी खाली करणाऱ्याकडं तर जाऊच नका, कापलेली स्प्रिंग आपल्या खोबणीत बसत नाही, चाक खड्ड्यात लटकलं की ती जागेवरून हलते. गॅसनं तापवून बसवलेली तर त्याहून वाईट, स्टीलची ताकदच जाते. जुनी कंपनीची जोडी घरी जपून ठेवा.

प्रश्न : समृद्धीवर १०० च्या वर स्टिअरिंग थरथरते, तीन ठिकाणी अलाइनमेंट केली, फरक नाही.
– एक वाचक, कारंजा, जि. वाशीम

उत्तर : अलाइनमेंटनं थरथर जात नाही, ते बॅलन्सिंगचं काम आहे. रिम मशीनवर फिरवताना आतल्या बाजूनं पाहा, खड्ड्यात आतली कड वाकलेली असते अन् बाहेरून दिसत नाही. टायरला कुठं फुगा आहे काय तेही पाहा, असेल तर तो टायर गेला. तोवर समृद्धीवर चढू नका, तिथं कारला १२० ची मर्यादा आहे म्हणून लोक तासन् तास तेवढंच दाबून ठेवतात, मे महिन्यात काँक्रीट तापलेलं असतं, खराब टायर तिथंच फुटतो. गाडी ब्रेक मारल्यावरच थरथरत असेल तर डिस्क पाहा.

प्रश्न : आय-२० लोअर केली, मागचा टो एका बाजूला लाल दाखवते अन् मशीनवाला म्हणते मागचं होतच नाही.
– एक वाचक, वणी

उत्तर : अर्धं बरोबर आहे. तुमच्या गाडीला मागं टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी पट्टी, आहे, त्याला टोचा बोल्ट दिलेलाच नाही. दोन्ही चाकं सारखी खाली बसली तर बीमचा कॅम्बर-टो फारसा बदलत नाही, म्हणून एकाच बाजूला लाल असेल तर लोअरिंगचा दोष कमी अन् कुठंतरी दगडावर, नालीत चाक आपटल्याचा जास्त. मागचा टो डावा-उजवा वेगळा राहिला की गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडं राहतं, पुढं कितीही सेट करा, परत वाकडंच येतं. फरक थोडा असेल तर हब अन् बीमच्या मधात बसवायची पातळ तिरपी शिम म्हणजे चकती मिळते, ती आकड्याप्रमाणं घेऊन बसवून घ्या, एबीएसची वायर ओढली जाणार नाही एवढं पाहा. फरक जास्त असेल तर बीम वाकलेला आहे, तो बदलावा लागंल.